कॉलेजात असताना केलेली स्वयंसेवा : नक्की काय बदलतं?

काठावरची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

कॉलेजच्या दिवसांत स्वयंसेवक म्हणून काम केलं की ‘व्यक्तिमत्त्व विकास’ होतो, असं सगळेच सांगतात. प्राध्यापक सांगतात, समारंभातले पाहुणे सांगतात, अर्जाच्या कोपऱ्यात छापलेलंही असतं. मला तुमच्याकडून ऐकायचंय की तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात काय बदललं, आणि जे बदललं ते पुढे टिकलं का.

माझ्यापुरतं सांगते. पदवीचं शेवटचं वर्ष, विषय अर्थशास्त्र, स्वभाव मुलखाचा भिडस्त. वर्गात शंका आली की शेजारणीला कोपर मारून तिला विचारायला लावायचं, ही माझी पद्धत. पहिल्या वर्षी, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे हवेत अशी सूचना लागली आणि मी नाव दिलं. सेवाभाव वगैरे काही उफाळून आला नव्हता. एका खोलीत एकटीने बसून वाचायचं, समोर माणूस नाही, तेव्हा हे आपल्याला झेपेल असा सरळ हिशेब होता.

झेपलं, पण घाम फुटला तो भलत्याच ठिकाणी. मजकूर वाचणं सोपं असतं. आलेख आला की काय वाचणार? ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ म्हणून पुस्तक पुढे निघून जातं. मग मी सांगायला लागले : आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, रेषा डावीकडे वरून निघते आणि उजवीकडे खाली येते. इथवर ठीक. पण सीमांत खर्चाचा (म्हणजे पुढचा एक नग बनवायला येणाऱ्या खर्चाचा) वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला नेमका त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूत छेदतो, हे बोलून दाखवायची वेळ आली आणि मी अडले. हा वक्र मी डोळे मिटून काढू शकत होते, तो तिथेच का छेदतो हे मात्र सांगता येईना. कागदावर उलटसुलट करून पाहिलं तेव्हा उलगडलं. पुढचा नग सरासरीपेक्षा स्वस्तात होतोय तोवर तो सरासरीला खाली ओढतो, महाग झाला की वर ढकलतो, त्यामुळे दोन्ही खर्च सारखे होतात ती जागा तळाचीच असणार. इतकं साधं! ज्याला आकृती दिसत नाही त्याला ती सांगायची होती, म्हणून मला विषय समजला.

पुढे परीक्षेत लेखनिक म्हणून, म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून द्यायला, बसायला लागले, प्रथमोपचाराचा वर्ग केला, एकदा मदतसाहित्याची वर्गवारी केली. आता गंमत ऐका. एका परीक्षेत विद्यार्थ्याला नियमाने मिळणारा जादा वेळ पर्यवेक्षक द्यायला तयार नव्हते. मी उभी राहून त्यांच्याशी बोलले, आवाज न थरथरता, आणि वेळ मिळवला. त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या उत्तरपत्रिकेत गुणांची बेरीज चुकली होती आणि ते सांगायला मला सरांसमोर जाता येईना.

घरचे म्हणतात धीट झालीस. मग तो धीटपणा माझा, की त्या कामापुरता उसना घेतलेला?

बोरूबहाद्दर

छान लिहिलंय. आलेखाचा परिच्छेद फार आवडला. येऊ द्या अजून. वाचनखूण साठवली आहे.

टांगा_पलटी

आमच्या कॉलेजात दर वर्षी त्याच खड्ड्यात वृक्षारोपण व्हायचं. झाडाचं माहीत नाही, खड्ड्याचा व्यक्तिमत्त्व विकास मात्र दणकून झाला.

सहा_ठिपके

काठावरची, मी पलीकडच्या बाजूचा. जन्मापासून दृष्टिहीन. शिक्षण वाचक आणि लेखनिकांच्या भरवशावर झालं, आता नोकरी करतो. हा प्रतिसाद स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) लावून लिहितोय. तुमच्या प्रश्नाला थोडं आडून उत्तर देतो.

शिकत असताना मला अनेक लेखनिक मिळाले. त्यांच्यात विकास झालेला मला कशावरून कळायचा? ते गप्प बसायला शिकायचे, त्यावरून.

नवा लेखनिक बहुपर्यायी प्रश्न वाचतो तेव्हा बरोबर पर्यायाशी त्याचा आवाज हलकेच उचलला जातो. त्याला पत्ताही नसतो. मी चुकीचं उत्तर सांगितलं की पेन टेकण्याआधी एक क्षण थांबतो, किंवा नाकातून श्वास सोडतो. मला हे सगळं ऐकू येतं. त्यातून नकळत मदत होते आणि मग ते गुण माझे राहत नाहीत. चांगला लेखनिक चारही पर्याय सपाट आवाजात वाचतो, मी चूक सांगितलं तर चूकच लिहितो, आणि विचारलं तरच शब्दाचं स्पेलिंग वाचून दाखवतो. हुशार मुलांना हे सगळ्यात जड जातं. उत्तर येत असताना ते गिळून बसायचं, तेही तीन तास! ज्यांना हे साधलं ते पुढे फार चांगले श्रोते झाले, आणि त्यांतले दोघे आजही माझे मित्र आहेत.

दुसरं, ध्वनिमुद्रणाबद्दल. बरेच वाचक नाटकात काम केल्यासारखे वाचतात. कथेला ते शोभतं. अभ्यासाचं पुस्तक आम्ही वेग वाढवून ऐकतो, तिथे तुमचे चढउतार उडून जातात आणि उरतात फक्त स्पष्ट उच्चार. पान बदललं की पान क्रमांक सांगा, तळटीप कुठे सुरू होते नि कुठे संपते ते सांगा. यापलीकडे फार काही लागत नाही.

कोणी म्हणेल की आता यंत्रं वाचतात, मग माणसं कशाला? यंत्रं वाचतात हे खरं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर 2006 साली मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केला, तो फुकट मिळतो आणि जगभर वापरला जातो. पण पुस्तकाची पानं नुसती स्कॅन करून पीडीएफ बनवली असेल तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते चित्र असतं, अक्षर नसतं. आधी ओसीआर करून, म्हणजे संगणकाकडून चित्रातली अक्षरं ओळखून घेऊन, त्यातला मजकूर काढावा लागतो. देवनागरीत तो काढताना जोडाक्षरं आणि रफार यांचे जे हाल होतात ते वाचवत नाहीत. मग कोणीतरी बसून ओळ न् ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी लागते. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला माणसं मिळत नाहीत, कारण त्याचा फोटो निघत नाही.

माझ्या आयडीबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. शार्ल बार्बिए या डोळस माणसाने बोटांनी चाचपून वाचायची, बारा उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली होती. तिचं एक अक्षर बोटाच्या टोकाखाली एका दमात मावत नसे. लुई ब्रेलने 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती सहा ठिपक्यांवर आणली. वाचणारं बोट त्याचं स्वतःचं होतं ना! मदत करायला निघालेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवतो.

खडूसकाका

सहा_ठिपके यांचा प्रतिसाद अफाट आहे. तरी मी माझ्या नावाला जागतो.

मला या विषयाची सुरुवातच खटकते. ‘स्वयंसेवेने माझा विकास झाला.’ बरं. ज्याची सेवा केली त्याचं काय झालं? तो तुमच्या विकासाचा कच्चा माल का? कॉलेजची मुलं आठवडाभर कुठेतरी जातात, मुलांना गाणी शिकवतात, गळ्यात गळे घालून फोटो काढतात, आणि ‘आम्हीच त्यांच्याकडून खूप शिकलो’ असं लिहून मोकळी होतात. शिकला असाल हो! पण त्यांनी तुम्हाला शिकवायला बोलावलं होतं का?

1968 साली मेक्सिकोत सेवेसाठी येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच हा विचारवंत बोलायला उभा राहिला. त्यांनी त्यालाच आमंत्रण दिलं होतं आणि याने त्यांना तोंडावर सांगितलं की या देशात हिंडायला या, डोंगर चढायला या, अभ्यासाला या, पण मदत करायला येऊ नका. कारण तुम्हाला इथली भाषा येत नाही आणि आपण काय बिघडवतोय हे कळायचीही तुम्हाला सोय नाही. कठोर होतं, पण इतक्या वर्षांत त्याला समाधानकारक उत्तर मिळालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

काठावरची, रोख तुझ्यावर नाही. तुझं काम मागून घेतलेलं, मोजता येणारं आणि समोरच्याला हवं असलेलं आहे. (एकेरी लिहितोय, वयाने बराच मोठा आहे, राग मानू नकोस.)

मधली_सुट्टी

खडूसकाका, पूर्ण नाही पण बराचसा सहमत. मी गेली काही वर्षं शाळेनंतर चालणाऱ्या एका अभ्यासवर्गाचं काम बघते. आमच्याकडे शिकवायला येतात ती बहुतेक कॉलेजचीच मुलं, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे.

दोन संशोधक आहेत, जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स. अमेरिकेत मोठ्यांनी एकेका मुलाला सोबत देण्याचा एक जुना कार्यक्रम चालतो, त्यातल्या जोड्यांवर त्यांनी 2002 मध्ये अभ्यास छापला. सोबत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली तिथे मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. यात नवल नाही. पण ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, तिथल्या मुलांची स्वतःविषयीची किंमत आधीपेक्षा खाली गेली होती. म्हणजे ‘थोडं का होईना, काहीतरी केलं’ हे समाधान करणाऱ्यापुरतं खरं. ज्याला अर्ध्यात सोडलं, त्याला कुणी आलंच नसतं तर कदाचित बरं झालं असतं.

हे वाचल्यापासून आम्ही नव्या मुलांना पहिला महिना शिकवूच देत नाही. हजेरी लिहा, पुस्तकांना कव्हरं घाला, पेन्सिलींना टोकं करा, कोपऱ्यात बसून वर्ग बघा. निम्मी गळतात. जी राहतात त्यांना एकच अट : तास कमी द्या, पण वार बदलू नका. आठवड्यातून एक तास, तोच वार, तीच वेळ. हा एक तास पाळणं मुलांना किती अवघड जातं ते सांगून खरं वाटणार नाही. मित्राचा वाढदिवस असतो, सामना असतो, पाऊस असतो, आणि ‘मी एक दिवस नाही गेलो तर काय मोठंसं’ हा विचार तर कायम असतो.

काठावरची, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. माझ्या डोळ्यांदेखत पोरं बदलली ती भाषणांनी किंवा शिबिरांनी बदलली नाहीत. आपण गेलो नाही तर कुणाचं तरी काम त्या दिवशी बंद पडतं, हे पहिल्यांदा अंगावर आलं तेव्हा बदलली. घरात आई असते, कॉलेजात मित्र हजेरी लावतो. या वयापर्यंत बहुतेकांवाचून कुणाचंच काही अडलेलं नसतं.

पट्टीवाली

‘धीटपणा उसना का’ या प्रश्नावर लिहिते. मी प्रथमोपचाराचे वर्ग घेते.

जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा 1968 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. मध्येच एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकू येतो (तो आधीच मुद्रित केलेला). ज्यांना वाटत होतं की हे ऐकणारे आपण एकटेच आहोत, त्यांच्यातले 85 टक्के तो आवाज संपायच्या आत मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चार जण ऐकतायत, त्यांच्यातले 31 टक्केच. दोन्हीकडची मुलं त्याच कॉलेजची. पहिल्या खोलीतल्या धीट आणि दुसऱ्या खोलीतल्या भेकड, असं नव्हतं. पहिल्या खोलीत जबाबदारी कोणाची याबद्दल शंकाच नव्हती, एवढाच फरक.

म्हणून वर्गात आम्ही शिकवतो की गर्दीत ‘कुणीतरी रुग्णवाहिका बोलवा’ असं ओरडू नका. एका माणसाकडे बोट दाखवा : तुम्ही, निळा शर्ट, फोन लावा आणि लागला की मला येऊन सांगा. तो माणूस पळतो. क्षणापूर्वी तोच बघ्या होता.

परीक्षेच्या खोलीत तुझ्याकडे असं बोट दाखवलेलं होतं. त्या विद्यार्थ्यासाठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. स्वतःच्या गुणांच्या बाबतीत ‘जाऊ दे ना’ हा पर्याय तुझ्याकडे होता आणि तो तू निवडलास. त्यामुळे धीटपणा तुझाच आहे, फक्त तो आपल्यासाठीही वापरायचा असतो हे अजून ठरायचंय.

वर्गात आणखी एक बघते. सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं) शिकताना मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, हे वाचून सगळ्यांना सोपं वाटतं. मग पुतळ्यावर करायला लावलं की धडधाकट पोरं दोन मिनिटांत धापा टाकतात. दर दोन मिनिटांनी माणूस बदला असं मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे ते यासाठीच. ‘आता तू घे, मी दमलो’ हे म्हणायला कित्येकांना लाज वाटते आणि दाब उथळ पडत जातात. माझ्या वर्गात मुलं नवीन काही शिकत असतील तर मला वाटतं हे वाक्य शिकतात.

घरचा_अभ्यास

आईच्या भूमिकेतून विचारते. हे सगळं वाचायला छान आहे, पण अभ्यासाचं काय? माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे आणि कुठल्याशा गटाबरोबर दर शनिवार-रविवार बाहेर असतो. गुण घसरलेत. बोललं की ‘तुला समाजाचं काही नाही’ असं ऐकवतो.

मधली_सुट्टी

घरचा_अभ्यास, तो चुकतोय आणि त्याच्या गटाचंही चुकतंय. परीक्षेच्या काळात सुट्टी आधीच ठरवून, तारखा लिहून दिलेली असली पाहिजे, आणि त्याच्या जागी कोण येणार हेही. ज्या गटात सुट्टी मागायला अपराधी वाटतं तिथे काहीतरी बिनसलेलं असतं. आम्ही तर वेळापत्रक लागलं की मुलांना हाकलतो. त्याला एकदा विचारून बघा की तू दोन आठवडे गेला नाहीस तर काम कोण करेल. उत्तर नसेल तर त्या गटाने एकट्या पोराच्या डोक्यावर भार टाकलाय. ‘आहेत की बरेच’ असं उत्तर आलं तर मग शनिवार पुरे, रविवारी अभ्यास.

समाजाचं ऐकवलं तर सोडून द्या. त्या वयात आपणही ऐकवलंय.

ध्रुवतारा

प्रमाणपत्राचा विषय अजून कसा निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं, तर मीच काढतो.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग. बालवाडीच्या वयाची मुलं, सगळी चित्रं काढायची हौस असलेली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्रं काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल, सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं. दुसऱ्या गटाला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर प्रमाणपत्राच्या बोलीवर बसलेला गट सगळ्यात मागे. न सांगता मिळालेल्यांची हौस शाबूत होती.

कॉलेजात स्वयंसेवेला गुण आणि प्रमाणपत्र जोडलं की हेच होतं. तास भरले, सही झाली, मुलं गायब. माझ्या कामात मी नवीन लोकांच्या मुलाखती घेतो. अर्जात स्वयंसेवेची यादी असली की मी एकच विचारतो : त्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता होता? ज्याने काम केलंय तो हसतो आणि दहा मिनिटं बोलतो. ज्याने फक्त प्रमाणपत्र घेतलंय तो ‘कंटाळा आलाच नाही सर’ म्हणतो.

खडूसकाका

ध्रुवतारा, प्रयोग चांगला आहे पण तुम्ही तो नको तिथे ताणताय. त्या पोरांना चित्रांची हौस आधीपासून होती. हौस नसलेल्याला प्रमाणपत्राच्या लालचीने दारापर्यंत आणलं तर गमावणार काय? धागाकर्तीच बघा ना, ती माणसं टाळायला गेली होती. हेतू बघत बसलात तर तीही बाद. कशासाठी आला ते विचारू नका. दुसऱ्यांदा का आला ते विचारा.

बोरूबहाद्दर

काकांना +१. (हे मी टंकेन असं कधी वाटलं नव्हतं.)

नकाशावाला

बाहेर पडणं ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा 2004 मध्ये सुरू झाला. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्तोप्रँसचा धड नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि इमारती आखल्या, आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. तेव्हापासून अशी कामं सतत चालू असतात. शिकायला फार वेळ लागत नाही.

फायदा काय झाला? खरं सांगायचं तर काठावरचीसारखं काही नाही झालं, समोर माणूसच नसतो. पण मी आखलेला भाग दुसरा कोणीतरी तपासतो आणि ‘ही इमारत नाही, सावली आहे’ असं लिहून परत पाठवतो. नाव माहीत नाही, देश माहीत नाही. सुरुवातीला फार लागायचं. आता ऑफिसात कुणी माझ्या कामात चुका काढल्या तर आधी चूक बघतो, मग माणूस.

पट्टीवाली

यावरून रक्तदान आठवलं. मोठी दुर्घटना झाली की रांगा लागतात, महिन्याने पेढी ओस. रक्तातल्या प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणजे आजच्या रांगेतल्या प्लेटलेट्स पुढच्या महिन्याच्या रुग्णाला उपयोगाच्या नाहीत. पेढ्यांना भावनेच्या भरात आलेल्यांपेक्षा फोन केल्यावर गुपचूप येणारे हवे असतात. विद्यार्थ्यांनी वर्गाची यादी करून आळीपाळीने जायचं ठरवलं तर त्याची किंमत एका दिवसाच्या शिबिरापेक्षा जास्त आहे.

काठावरची

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

पट्टीवाली, तुमचं वाचून मी सरांकडे जाऊन आले. बेरीज दुरुस्त झाली. ते म्हणाले, एवढंच ना, आधी का नाही आलीस. मला त्यांचा इतका राग आला की आवाज फुटायचा प्रश्नच उरला नाही.

सहा_ठिपके, पर्याय वाचताना आवाज उचलला जातो हे वाचून मी माझंच जुनं मुद्रण लावून ऐकलं. स्वाध्यायातले बहुपर्यायी प्रश्न मी कसे वाचलेत ते आता इथे सांगत नाही.

खडूसकाका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या विकासाचा हिशेब मी करतेय आणि पुस्तक ऐकणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, हे पटतं. पण तो हिशेब न करता तिथे गेले असते का, याचंही उत्तर नाही.

आता खरी अडचण. परीक्षा झाली की मी बहुधा दुसरीकडे शिकायला जाईन. हातात एक पुस्तक अर्धं झालेलं आहे. मधली_सुट्टी यांनी अर्ध्यात सोडण्याबद्दल जे लिहिलंय त्यानंतर मला नीट झोप नाही. असं काम सोडायचं तरी कसं?

मधली_सुट्टी

झोपा हो! तो अभ्यास लहान मुलांच्या सोबतीबद्दल आहे, पुस्तकाच्या मुद्रणाबद्दल नाही. सोडणं गुन्हा नाही, सगळेच कधीतरी सोडतात. न सांगता नाहीसं होणं वाईट. आमच्या वर्गात जाणारा स्वतः मुलांना सांगतो, मी नाही सांगत. तारीख सांगतो, नवा माणूस शेजारी बसवून काही तास एकत्र घेतो आणि मग जातो. ‘मी भेटायला येत जाईन’ असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण येणं होत नाही आणि पोरं दाराकडे बघत राहतात. तुमच्या बाबतीत आज-उद्याकडे समन्वयकांना कळवा, शेवटच्या आठवड्यात नको.

खडूसकाका

आणि बदली माणूस तूच शोध. तुझ्याच वर्गातली ती शेजारीण, जिला कोपर मारायचीस. तिचा आवाज चांगला असणार, तुझ्या वाटचं तीच बोलत आलीये.

सहा_ठिपके

पुस्तकाचं मी सांगतो, मी अशी दोन आवाजांतली बरीच पुस्तकं ऐकून पास झालोय. आवाज बदलला तरी अडत नाही. अडतं ते पद्धत बदलली की. पहिला वाचक तक्त्यात आधी रकाने किती आणि त्यांची नावं काय ते सांगतो, मग आडव्या ओळीने वाचतो. दुसरा एकदम उभं वाचायला लागतो आणि आम्ही मध्येच कुठेतरी हरवतो. तेव्हा एक फाइल करून ठेवा : तक्ते कसे वाचलेत, आकृती कुठल्या क्रमाने सांगितलीत, परदेशी नावांचे उच्चार काय धरलेत, तळटीप लगेच वाचलीत की पानाच्या शेवटी. मुद्रणाच्या फाइलींना प्रकरण आणि पान क्रमांकाची नावं द्या, ‘नवीन १’, ‘नवीन २ अंतिम’ असली नकोत. आणि प्रकरणाच्या मध्यावर थांबू नका. जमत नसेल तर एक प्रकरण कमी करा, पण घेतलेलं पूर्ण करून जा. अर्धवट राहिलेल्या प्रकरणावर हमखास प्रश्न येतो, हा माझा अनुभव आहे.